अंडी फिरवणारे सर

सापाचं अंडं ज्या अंगावर पडलंय त्याच अंगावर ठेवायचं असतं. आतला गर्भ वरच्या बाजूला कवचाला धरून असतो. अंडं उलटं केलं की तो स्वतःच्याच बलकाखाली दबून मरतो. म्हणून उचलण्याआधी पेन्सिलीनं वर फुली मारायची. एवढं साधं आहे. पण आमच्या सरांची उभी हयात कोंबडीच्या अंड्यांत गेलेली.

माझी पीएच.डी. त्यांच्याच हाताखाली, दिवड नावाच्या पाणसापाच्या गर्भावर होती. त्या गर्भाच्या गळ्यात आधी माशासारख्या फटी दिसतात. पुढं त्या बुजतात आणि त्यांच्या कप्प्यांतून मानेतल्या ग्रंथी तयार होतात. घशाच्या तळातून श्वासनळी फुटते, तिला दोन कोंब येतात. उजवा फोफावतो, त्याचं लांबच लांब फुफ्फुस होतं. डावा तिथंच खुरटतो. तो खुरटतानाचा गर्भ मला कापून स्लाइडवर हवा होता. प्रबंधाचं तेवढंच राहिलं होतं, आणि नोंदणीची मुदत त्याच उन्हाळ्यात संपत होती. हे हुकलं तर सगळी वर्षं पाण्यात.

पिशोरजवळ जेसीबीनं बांध उकरला, तेव्हा अंड्यांना वेटोळं घालून बसलेली मादी लोकांनी फावड्यानं ठेचली. अंडी जाळायच्या आत तिथल्या सर्पमित्रानं मला फोन केला. वनखात्याची परवानगी माझ्याकडं होतीच. फुल्या मारून, ओल्या मातीच्या बादलीत घालून, बादली मांडीवर धरून मी ती एसटीनं शहरात आणली. उबवणीच्या पेटीत ठेवली, सरांना फक्त पाणी शिंपडायला सांगितलं आणि चुलतबहिणीच्या लग्नाला शेंद्र्याला गेले.

परत येऊन पाहते तर फुल्या दाही दिशांना!

"मी सकाळ-संध्याकाळ फिरवत होतो," सर म्हणाले. "तू तर लग्नात जेवत होतीस."

"सर, ही कोंबडीची नायत!"

"अंडं ते अंडं. नाही फिरवलं तर पिल्लू कवचाला चिकटून मरतं. पहिल्या वर्षाच्या पोरांनाही कळतं."

डोकं असं सणकलं माझं! बॅटरीच्या उजेडात एकेक अंडं धरलं. लाल शिरांचं जाळं कुठंच नाही, नुसता पिवळा गढूळपणा. फक्त एक अंडं मातीत खोल रुतलेलं, त्यांच्या हाताला लागलंच नव्हतं. त्याची फुली वर होती आणि आत इवलंसं काळीज धडधडत होतं.

सरांनी सगळ्या विभागासमोर जाहीर केलं, पोरीच्या हलगर्जीपणानं अंडी गेली. वर म्हणे हे एकही त्यांनी फिरवलेलंच, ते उबवायचं. पिल्लू निघालं की फिरवण्यानं काही होत नाही हे आपोआप सिद्ध होईल. आणि पिल्लू निघेपर्यंत डावा कोंब मला कुठला सापडायला! त्याच दुपारी, ते जेवायला गेल्यावर, मी कात्रीनं कवच उघडलं. गर्भ वळवळला. लई वाईट वाटलं, पण हात थांबला नाही. आईला गावानं मारलं, भावंडांना सरांनी, आणि याला मी.

स्लाइड मात्र अशी उतरली की काय सांगू! उजव्या फुफ्फुसाच्या नळीशेजारी डावा कोंब, राईएवढासुद्धा नाही, पण स्वच्छ दिसत होता. सरांनी कितीतरी वेळ सूक्ष्मदर्शकातून डोकं वर काढलं नाही. अंडं कुणी फोडलं, हे विचारलंसुद्धा नाही. मग हसून पेन काढलं.

"उत्तम. प्रबंधावर सही करतो. फक्त पद्धतीच्या प्रकरणात लिही, अंडी दिवसातून दोनदा फिरवली."

"आणि ते वाचून पुढची पोरं फिरवतील, त्याचं काय?"

"तुला डॉक्टर व्हायचंय ना?"

"असलं खोटं लिहून नाय."

त्यांनी पेनाला टोपण लावलं. माझ्या स्लाइडांचा डबा उचलून स्वतःच्या कपाटात ठेवला, कुलूप घातलं, आणि मोठ्या मायेनं म्हणाले, "जाताना पंखा बंद कर, बाळ."