यादी छोटी करणारा अनिल

मंगळवारी प्रॅक्टिकलची परीक्षा होती. मी कॉम्प्युटरवर आसन क्रमांक चिकटवत होतो, तेवढ्यात मलकापूरहून अनिलच्या भावाचा फोन आला. अनिल गेला. मी उरलेले क्रमांक चिकटवले. दुपारी स्टाफरूममध्ये त्याचे किस्से निघाले. माणूस असताना ते कुणी साठवत नाही; गेल्यावर ढीग सापडतो. सगळे हसले. मला संताप आला.

अनिल आमच्या कोल्हापूरच्या कॉलेजात, लॅबमध्ये हंगामी नोकरीला होता. इंटरनेट तेव्हा नवं होतं. मुलांसाठी बंद ठेवायच्या साइटींची यादी त्याच्याकडे असे. मूळ साइट बंद केली की तिच्या पोटातल्या सगळ्या आपोआप बंद होतात. तरी लोक त्या वेगळ्या लिहून देत. यादी फुगली, नेट रखडायला लागलं. अनिलनं एक प्रोग्रॅम लिहिला. काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप करायची, की जादा नावं गळून पडायची.

प्राचार्य बघायला आले. "बटण कुठं हाय?"

"न्हाय, सर. ओळ टाइप करायची."

"बटण न्हाय, मग केलंस काय?"

*

साइट कुणी सुचवली याची रजिस्टरात सहीनिशी नोंद व्हायची. एका प्राध्यापकांची साइट यादीतून गळाली. ते तणतणत आले.

"ती बंदच हाय की, सर. तिची मूळ साइटच बंद हाय."

"बंद असेल. पण मी बंद केलेली नाही ना!"

*

तपासणी समितीपुढं यादीची छापील फाईल ठेवायची पद्धत होती. हेडक्लार्कनी नवी फाईल हातावर तोलली. "अनिलराव, समिती पानं वाचत न्हाय, जाडी बघती."

जुनी यादी पुन्हा छापायला लावली. अनिल दिवसभर प्रिंटरपाशी कागद सरळ करत उभा होता.

*

त्याला नोकरीत कायम करायची मुलाखत झाली. समोर संस्थेचे सचिव, प्राचार्य आणि विभागप्रमुख म्हणून मी.

सचिव म्हणाले, "यादीचं काम आता दहा मिनिटांचं राहिलंय म्हणं. त्याला कायमचा माणूस कशाला?"

"ते दहा मिनिटांवर मीच आणलं, साहेब."

"तेच म्हणतोय मी."

अनिलनं माझ्याकडं बघितलं. त्यानं काय केलंय, हे त्या खोलीत फक्त मला कळत होतं. मी काही बोललो नाही.