आक्कांनी गल्लीला केक शिकवला

आक्कांना सहसा राग येत नसे, आणि एकदा आला की जात नसे. त्यांच्या लग्नात नणंद त्यांच्या रंगावरून काहीतरी बोलून गेली होती. पुढे ती नणंद आजी झाली, तिचे दात पडले, पण तिच्या पानात वाढताना आक्कांनी "घे ना अजून थोडं" असं एकदाही म्हटलं नाही. वाढायच्या, पण आग्रह नाही. असल्या बाईच्या वाटेला जाऊ नये, एवढी साधी गोष्ट बेकरीच्या मालकीणबाईंच्या लक्षात आली नाही.

बाजाराच्या कोपऱ्यावर ती बेकरी होती. आक्का तिथे कामाला लागल्या तेव्हा त्यांचे केस काळे होते. मागच्या अंगाला भट्टी, पुढे काचेचं कपाट आणि गल्ला. केकचं मिश्रण फेटणं, बिस्किटं कापणं, भट्टीवर नजर ठेवणं ही आक्कांची कामं. कणीक आणि पाव बघायला एक धिप्पाड माणूस होता, त्याला सगळे पैलवान म्हणत. मालक वारले तेव्हा मालकीणबाईंना मैदा आणि रवा यातला फरक सांगण्यापासून सुरुवात करावी लागली. आक्कांनी दुकान उभं ठेवलं. मालकीणबाई तेव्हा चारचौघांत म्हणायच्या, "अहो आक्का, तुम्ही होतात म्हणून निभावलं."

मग मालकीणबाईंचा धाकटा भाऊ गल्ल्यावर येऊन बसला, आणि त्याच्या मागोमाग बटरची पाकिटं पाय फुटल्यासारखी नाहीशी व्हायला लागली. कोण नेतंय हे पैलवानाला माहीत होतं, आक्कांना माहीत होतं, बहुधा दुकानातल्या मांजरालाही माहीत होतं. पण मालकिणीच्या भावाला कोण बोलणार?

एका संध्याकाळी, दुकानात गर्दी असताना, आक्का घरी निघाल्या. मालकीणबाईंनी हाक मारली, "थांब. पिशवी दाखव."

आधी आक्कांना कळलंच नाही की आपल्यालाच 'थांब' म्हटलंय. इतकी वर्षं 'अहो-जाहो' होतं. मालकीणबाईंनी पिशवी ओढली आणि गल्ल्यावर उपडी केली. जेवणाचा डबा, मोडक्या दांडीचा चष्मा, आणि नातीचा एक मोजा, अंगठ्याशी फाटलेला, शिवायला आणलेला. तो मोजा काचेवर पडला आणि रांगेतलं कोणीतरी फिस्सकन हसलं. बटर नव्हतं.

"आज नाही सापडलं," मालकीणबाई म्हणाल्या, "म्हणजे रोज नेत नव्हतीस असं नाही. उद्यापासून येऊ नकोस."

भाऊ मान खाली घालून नाणी लावत बसला होता. आक्कांनी मोजा उचलला, घडी करून पिशवीत ठेवला. दारात पैलवान उभा होता, तो काही बोलला नाही.

आठवड्याच्या आत गल्लीतल्या पोरांनी त्यांना नाव ठेवलं, 'बटरचोर'. सून बिचारी समजूत घालायला गेली. "आई, जाऊ द्या ना. लोक विसरतात हो."

"लोक विसरतील गं," आक्का म्हणाल्या. "मी कशाला विसरू?"

तोवर त्यांच्या मनात नुसतं खदखदत होतं. दगड मारावा, काच फोडावी, भावाला भर रस्त्यात गाठावं. पण काच काय, उद्या नवी बसते. वाट सापडली ती शेजारच्या मास्तरणीमुळे. तिच्याकडे भावी व्याही यायचे होते आणि ती कडी लावून लगबगीने केक आणायला निघाली होती.

"कुठून आणणार?" आक्कांनी विचारलं.

मास्तरीण ओशाळली. "दुसरं आहेच कुठे दुकान?"

"परत फिर. पातेलं काढ."

"अहो, माझ्याकडे ओव्हन नाही!"

"मी ओव्हन म्हटलं का? पातेलं म्हटलं. जाड बुडाचं. आणि खडे मीठ."

आक्कांनी पातेल्याच्या तळाशी मीठ पसरलं, त्यावर एक कडं ठेवलं, घट्ट झाकण लावून ते तापत ठेवलं. मास्तरणीच्या हातात साखर आणि तेल दिलं. "फेट. हात दुखला की अजून फेट." मग दही, चाळून घेतलेला मैदा, बेकिंग पावडर. मिश्रण पळीतून फितीसारखं पडायला लागलं तेव्हा आक्का म्हणाल्या, "आता हात आवर. मैदा घातल्यावर फेटत बसलीस तर केकची वहाण होईल." मिश्रण ओतलेला डबा पातेल्यात गेला. मास्तरीण दर थोड्या वेळाने झाकणाकडे हात न्यायची आणि आक्का तिच्या मनगटावर चापट मारायच्या. शेवटी विणकामाची सुई खुपसून पाहिली, ती कोरडी निघाली.

पाहुण्यांनी केक चाटूनपुसून संपवला. होणारी विहीण विचारून गेली, "कोणत्या बेकरीतला?" मास्तरणीने छाती फुगवून सांगितलं, "घरचा!"

हे ऐकलं आणि आक्कांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. काच फोडायची गरजच नव्हती. काचेआडचं कोणाला लागेनासं झालं की झालं.

दुसऱ्या दिवसापासून त्या घरोघर जायला लागल्या. शिंपीणबाई, दवाखान्यातली नर्स, वरच्या मजल्यावरचे निवृत्त ड्रायव्हरकाका, जो दार उघडेल तो विद्यार्थी. त्यांनी कुकीज शिकवल्या: साखर दळून घ्या, गोळा हाताला चिकटेनासा झाला की थापा, वाटीच्या काठाने कापा, पातेल्यातून काढताना मऊ लागल्या तर घाबरू नका, गार झाल्यावर कडक होतात. फी घेतली नाही. अट एकच. "घरी पाहुणे आले तर त्या दुकानाची पायरी चढायची नाही." ड्रायव्हरकाका म्हणाले, "आणि पाहुणे नसताना?" आक्का म्हणाल्या, "तेव्हा तर मुळीच नाही."

सुनेला वाटलं, सासूबाई सावरल्या, लोकांत मिसळतायत, चांगलं झालं. संध्याकाळी आक्का फिरायला जातात, याचंही तिला कौतुक. त्या कुठे जायच्या? बेकरीच्या समोरच्या फुटपाथवर. काचेच्या कपाटात सकाळी ठेवलेले केक संध्याकाळी तसेच असायचे, क्रीमला भेगा पडलेले. आक्का ते बघायच्या, मनसोक्त. घरी येऊन दोन घास जास्त जेवायच्या.

मालकीणबाई एका दुपारी दारात आल्या. वाळल्या होत्या. सुनेने त्यांना आत घेतलं, खुर्ची दिली. आक्कांनी सकाळचा केक कापून बशी पुढे केली.

मालकीणबाईंनी तुकडा तोंडात घातला. "तुमच्या हाताची चव..." त्या म्हणाल्या.

"बटर नाही घातलेलं," आक्का म्हणाल्या. "खा निवांत."

मालकीणबाईंनी उरलेला तुकडा बशीत ठेवला. पाणी पिऊन त्या हळू आवाजात बोलल्या. "माझं चुकलं, आक्का. भाऊच नेत होता. मला नंतर लगेच कळलं होतं."

"लगेच म्हणजे?"

"त्याच आठवड्यात."

आक्कांनी बशी उचलून बाजूला ठेवली. आतापर्यंत त्यांना वाटत होतं की बाई भावाच्या मायेने आंधळी झाली. म्हणजे डोळे उघडे होते. पोरं गल्लीत 'बटरचोर' ओरडत होती तेव्हा हिला सगळं माहीत होतं.

"परत या," मालकीणबाई म्हणाल्या. "भावाला मी घालवून दिलं. तुम्ही म्हणाल तसं करू."

"मग चला. आत्ता संध्याकाळची गर्दी होईल. जिथे माझी पिशवी उपडी केलीत तिथे उभ्या राहा आणि हे जे आत्ता बोललात ते मोठ्याने बोला. मी उद्या पहाटे भट्टी पेटवते."

मालकीणबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "भावाचं लग्न ठरतंय हो. चारचौघांत त्याची अब्रू..."

"बरोबर आहे," आक्का म्हणाल्या. "अब्रू त्याचीच असते." आणि त्यांनी उठून दार उघडलं.

पावसाळा सरता सरता बेकरीला कुलूप लागलं. तिथे आता चपलांचं दुकान आहे. बातमी आली त्या दिवशी आक्कांनी नातीला मांडीवर घेऊन गोष्टी सांगितल्या, सुनेच्या डोक्याला तेल लावून दिलं. गल्लीत त्यांना परत कोणी त्या नावाने हाक मारली नाही, कारण आता गल्लीतली अर्धी मुलं त्यांनी शिकवलेले केक खात होती.

पैलवान मात्र एकदा बाजारात आडवा आला. भाजीच्या हातगाडीमागे उभा होता, नव्यानेच लावलेली. "तुमचं उट्टं निघालं, आक्का. माझी भट्टी विझली त्यात."

आक्कांना चटका बसला. पण तोंडातून निघालं ते असं, "त्या दिवशी दारात उभे होतात. एक शब्द बोलला असतात तर भट्टी विझली नसती." पैलवानाने मान खाली घातली. आक्कांनी त्याच्याकडची वांगी घेतली, घासाघीस न करता, आणि पुढेही भाजी त्याच्याकडूनच घेत राहिल्या. माफ केलं असं मात्र त्यांनी कधी कबूल केलं नाही.

परवा त्या दोन गल्ल्या पलीकडे एका बारशाला गेल्या होत्या. यजमानीण नवखी होती, आक्कांना ओळखत नव्हती. केकची बशी हातात देत ती शिकवायला लागली, "घरीच होतो हो मावशी, अगदी सोपा. जाड बुडाचं पातेलं घ्यायचं, तळाशी मीठ. आणि काही झालं तरी झाकण उघडायचं नाही. आमच्या नर्सबाईंनी सांगितलंय."

"हो का?" आक्का म्हणाल्या. केक मधोमध किंचित कच्चा होता. त्यांनी तो सगळा खाल्ला आणि आणखी एक तुकडा मागून घेतला.