बोटीपर्यंतचं चरित्र

मला मेलेल्या माणसांचं फार वेड. बायको म्हणायची, "जिवंत सासऱ्याच्या पत्राला उत्तर द्यायला यांना सवड नाही, आणि फाशी-जन्मठेपवाल्यांची चौकशी करत गावं पालथी घालतात!" खोटं नव्हतं ते. साठ सालानंतर मी साताऱ्याहून तारापूरच्या शाळेत मास्तर होऊन आलो, तेव्हा किनाऱ्यावर वीज केंद्राचं बांधकाम चालू होतं आणि सगळा गाव त्या ट्रकांकडे बघत होता. मी मात्र जुन्या खटल्यांच्या नकला मिळवून, इंग्रजांच्या काळात इथून काळ्या पाण्यावर गेलेल्या कैद्यांची चरित्रं लिहीत बसलो होतो.

त्यातला एक जवळच्याच दांडी गावचा. जाळ्यांवरून भांडण झालं, यानं वल्हं उचललं, समोरचा जागीच गेला. जन्मठेप. त्याची मुलगी अजून दांडीत आहे असं कळलं आणि मला कोण आनंद! तो गेला तेव्हा ती पाच वर्षांची होती, आता ऐंशीच्या घरात. तिला बापावरचं प्रकरण वाचून दाखवायचं म्हणून एका रविवारी मी ऐटीत वही घेऊन गेलो.

म्हातारी दोरीवर बोंबील वाळत घालत होती. हात न थांबवता तिनं सगळं ऐकलं. भांडण, खटला, बेड्या, मुंबईच्या धक्क्यावरून सुटलेली बोट. मी वही मिटली.

"बस? सपला?" ती म्हणाली. "माज्या बापसाला बोटीत चडवलास आन् तू घरला आलास?"

मला राग आला. इतकी मेहनत घेतली, आणि हे! पण घरी येऊन वही चाळली, तर माझे सातही कैदी बोटीत चढूनच संपले होते. इकडच्या कागदांत तेवढंच होतं, म्हणून मीही तेवढंच लिहिलं होतं.

पुढच्या रविवारी तिनं खरं दुखणं सांगितलं. दर पितृपक्षात ती आईचं पान वाढायची, बापाचं कधीच नाही. तो गेल्याची खबरच कधी आली नव्हती. आई कुंकू लावूनच गेली.

"आजी, आता तो शंभराच्या वर असता," मी म्हटलं.

"आसता तर आसता! माज्या तोंडानं मी बापसाला मारू? आन् मेला आसंल तर इतकी वर्सं उपाशी हाय तो. मी गेल्यावर पान वाडायला कोण नाय. मास्तर, तू कागदं लिवतोस ना? इचार."

मग विचारलं. अंदमानातल्या एका निवृत्त मास्तरांना पत्रावर पत्र लिहिलं. आठ महिन्यांनी उत्तर आलं. भल्या गृहस्थानं जुन्या वस्तीत फिरून माहिती काढली होती. सुटका झाल्यावर म्हातारीचा बाप तिकडेच राहिला, कैदी म्हणूनच आलेल्या एका बाईशी लग्न केलं, मुलं झाली, म्हातारा होऊन गेला.

झालं! आता हे कुठल्या तोंडानं सांगू? आई इकडे जन्मभर कुंकू लावून बसली, आणि हा तिकडे दुसरा संसार थाटून मोकळा! पंधरा दिवस मी दांडीची वाटच टाळली. शेवटी बायको कडाडली, "पुस्तकात वाघ आणि म्हातारीपुढे शेळी! जा आधी." गेलो.

सगळं सांगितलं, लग्नासकट. म्हातारी खाली बसली. मग तिनं विचारलं, "म्हंजे त्याला जेवाय वाडायला कोन तरी होतं?"

"होतं आजी."

तशी ती पदर तोंडाला लावून हमसून हमसून रडली. "माजी आयस मरंपर्यंत हेच बोलायची. वल्हं मारून येतो, आयतं ताट लागतं त्याला, तितं कोन वाडीत आसंल? दुसरं काय नाय बोलायची रं."

डोळे पुसून म्हणाली, "त्या बाईचं नाव काय?"

मी वही उघडली. रात्रीचा दिवस करून नवा शेवट लिहिला होता, त्यात होतं 'तेथील एक स्त्री'. लाज वाटली मला. पत्र खिशात होतं म्हणून निभावलं. कोपऱ्यात बारीक अक्षरात नाव होतं, ते वाचून दाखवलं. म्हातारीनं ते दोनदा म्हणून बघितलं.

सर्वपित्रीला तिनं मला बोलावलं. ओट्यावर तीन पानं मांडली होती. आईला हाक मारली, बापाला मारली. तिसऱ्या पानावर तिनं बोंबलाचा मोठा तुकडा ठेवला आणि नाव घेऊन समुद्राकडे तोंड करून म्हणाली, "ये ग बाय. लय वर्सं तू वाडलंस, आज तू बस."