अर्ध्या तासात पोचतो

आमच्या गल्लीत तिला सगळे टेलरताई म्हणायचे. समोरच्या पत्र्याच्या घरात ती, तिचा नवरा आणि सासू राहायचे. नवरा एका बड्या साहेबांचा ड्रायव्हर. बाहेरच्या खोलीत हिचं शिलाई मशीन, आणि त्यावर शाळेच्या गणवेशांचा ढीग. मी समोर, स्लॅबच्या घरात. वादळात तिचं काय झालं ते मी पाहिलंय. मी काय केलं तेही सांगते, कारण ते वगळून हे सांगता येत नाही.

वादळाची सूचना आली तेव्हा तिला आठवा सरून नववा लागला होता. परवा दुपारी धडकणार, असं ओरडत भोंग्याची गाडी फिरून गेली. तिच्या नवऱ्याने शिडी लावली, दोरीचं वेटोळं काढलं. पत्रे बांधायला वर चढणार तोच फोन वाजला.

"हो साहेब. निघालोच साहेब." शिडीच्या पायरीवर उभा राहून मान हलवत होता, जसे काही साहेब फोनमधून बघतच होते.

समुद्रावरच्या बंगल्याच्या काचांना फळ्या ठोकायच्या होत्या, गाड्या उंचावर न्यायच्या होत्या. त्याने दोरी खांद्यावर टाकली आणि शिडी काखेत मारली.

"अहो, शिडी कुठे नेताय?"

"तिकडे एकच आहे. उद्या सकाळी येतो. आपलं तर तासाभराचं काम."

"मग ते करूनच जा."

"नोकरी घालवू का?"

सासू दारात बसली होती. म्हणाली, "जाऊ दे गं. कळा मी सोसल्या, मुलगा साहेबांना झाला."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आला नाही. दुपारी टेलरताईने गणवेशाच्या उरलेल्या कापडाच्या लांब पट्ट्या कापल्या, चौपदरी केल्या आणि मशीनवर दोन-दोन टिपा मारून त्यांचे पट्टे शिवले. ते छपराच्या वाशांवरून घालून खिडकीच्या गजांना आवळून बांधले. टेबलावर स्टूल, स्टुलावर नववा लागलेली ती, आणि खाली स्टुलाचे पाय धरून सासू. सासूच्या तोंडाचा पट्टा चालूच. मुलाला शिव्या, साहेबांना शिव्या, वाऱ्यालाही शिव्या.

हे सगळं मी खिडकीतून बघत होते. आमचे हे काचांना चिकटपट्ट्या लावत होते. मी ओरडून म्हटलं, "ताई, काही लागलं तर सांगा हं!"

"सांगते हं वहिनी," ती वरूनच म्हणाली.

असं कुणी सांगत नसतं. मला ते माहीत होतं, म्हणून तर विचारलं.

संध्याकाळपर्यंत तिने घर आवरलं. पिंप भरून झाकलं. मशीनचं डोकं काढून रजईत गुंडाळलं. गिऱ्हाइकांचे कपडे नावाच्या चिठ्ठ्या टाचून लोखंडी कपाटाच्या वरच्या खणात ठेवले. दवाखान्याची फाईल आणि बाळाचे इवलेसे कपडे एकात एक अशा तीन पिशव्यांत बांधले.

वादळाच्या दिवशी सकाळी दहाला पत्र्याच्या घरातल्यांना शाळेतल्या निवाऱ्यात न्यायला बस आली. सासू-सुना पिशव्या घेऊन उभ्याच होत्या. तेवढ्यात त्याचा फोन आला.

"बसमध्ये चढू नकोस. धक्के बसतील तुला. साहेबांची मोठी गाडी घेऊन येतोय, थेट दवाखान्यात नेतो. अर्ध्या तासात पोचतो."

बसवाला म्हणाला, "बाई, ही शेवटची आहे."

"माझे मिस्टर येतायत," ती म्हणाली. किती दिवसांनी तिच्या तोंडावर असं काही दिसलं होतं. बस गेली.

बाराला पुन्हा फोन आला. फोनमधून कुत्री भुंकल्याचा आवाज येत होता. तो निम्म्या वाटेवर आला होता, पण साहेबांनी मागे बोलावलं. त्यांची दोन कुत्री आधी शहरात, बहिणीकडे पोचवायची होती. "मुकी जनावरं आहेत गं," तो म्हणाला. पुढे काहीतरी बोलत होता, पण फोन तुटला तो तुटलाच.

दोन वाजता त्यांचं छप्पर गेलं. पट्टे तुटले नाहीत, वासे तुटले.

आमचं दार पहिल्यांदा वाजलं तेव्हा आम्ही दोघं बाहेरच्याच खोलीत होतो. हे म्हणाले, "वारा असेल." मी म्हटलं, "वाराच." दार उघडलं तर पुन्हा कडी लागणार नाही, या भीतीने आम्ही एकमेकांकडे न बघता उभे राहिलो. पुन्हा वाजलं. तिसऱ्यांदा म्हातारीचा आवाज आला, "अगं, माणसं आहोत!" तेव्हा उघडलं.

पाचच्या सुमारास, आमच्या स्वयंपाकघरात, ओट्याखाली अंथरलेल्या चादरीवर मुलगी झाली. नाळ सासूने कापली. कात्री टेलरताईचीच, कमरेला खोचून आणलेली. स्टोव्हवर उकळून घेतली. मुलगी ठणठणीत होती. पण टेलरताईचं रक्त थांबेना. सगळीकडे झाडं आडवी, गाडी येईना. दुसऱ्या दिवशी दुपारी चौघांनी तिला दाराच्या फळीवर घालून दवाखान्यात नेलं. जीव वाचला, पण पिशवी काढावी लागली.

तिसऱ्या दिवशी नवरा दवाखान्यात आला. मीही तिथेच होते. पाळण्यात डोकावून म्हणाला, "साहेबांनी नाव सुचवलंय हिच्यासाठी."

ती म्हणाली, "कुत्री नीट पोचली का?"

"हो, अगदी नीट," तो म्हणाला. त्याला खरंच वाटलं, ती चौकशी करतेय.

त्या घरी ती परत गेलीच नाही. गणवेशाच्या दुकानावर एक खोली घेतली. सासू तिच्याबरोबर गेली. मुलगा न्यायला आला, "आई, लोक काय म्हणतील?" म्हणायला लागला. म्हातारी म्हणाली, "म्हणतील, म्हातारीला अक्कल आली. जरा उशिराच आली." आणि दार लावून घेतलं. तो अजून साहेबांकडेच आहे.

वर्षभराने मी तिच्याकडे कापड घेऊन गेले. मुलगी चिंध्यांच्या ढिगात खेळत होती. टेलरताईने माझी मापं घेतली, वहीत लिहिली. मग टेप गळ्यात अडकवत अगदी सहज म्हणाली, "वहिनी, पहिल्याच वेळी ऐकू आलं होतं ना?"

मी हो म्हटलं.

"तेवढंच विचारायचं होतं," ती म्हणाली. "बाही कोपरापर्यंत ठेवू की वर?"

कपडे सांगितल्या दिवशी तयार होते. मी ते आणायला यांना पाठवलं.