आखिम जिंकून आला तो रविवार

आखिम पिका हरण्याबद्दल प्रसिद्ध होता. फार नव्हे, जर्मनी-डेन्मार्कातल्या ज्या मंडळींना आपला उगवता मुष्टियोद्धा आपल्या गावात जिंकलेला बघायचा असे, त्यांच्यापुरता. बुधवारी फोन येई, शनिवारी आखिम परक्या गावात उभा राही, मनापासून लढे, गुणांवर हरे आणि बसने पोलंडमधल्या आपल्या गावी, रूदा श्लोंस्काला परते. लढत खोटी नसे. फक्त पंच यजमानांचे असत.

रविवारी दुपारी त्याची आई त्रूदा जेवण मांडून बसलेली असे. नवरा खाणीने नेला, तेव्हापासून पोराचं ठोसे खाणं तिला बघवत नव्हतं. पण घोड्याएवढ्या मुलाला घरात कोंडता येत नाही. म्हणून तिने एकच शब्द घेतला होता. "ज्या रविवारी माझ्या हातचं चावता येणार नाही, त्या दिवशी हे बंद."

फुटकी भुवई, सुजलेलं नाक, काहीही घेऊन तो येई आणि खळगी पाडलेले बटाट्याचे गोळे, तांबडा कोबी, मांसाची गुंडाळी असं सगळं फस्त करी. त्रूदा ताट बघे, मगच पोराकडे.

मार्चमधल्या त्या रविवारी मात्र तो जिंकून आला. समोरचा पोरगा स्वतःच त्याच्या डाव्या हातावर चालून आला, असं त्याचं म्हणणं. म्हणताना ओठ फारसे हलत नव्हते.

एरिकमामा आपल्या कबुतरखान्यातून थेट बाटली घेऊन आला. "काय रे, वाट चुकलास का? जिंकलास म्हणे!"

"होतं कधीकधी, मामा."

"आणि पुढच्या महिन्यात कातोवित्सेला लढत! ऐकलंस ना त्रूदा? घरच्या लोकांसमोर! आजवर हा दुसऱ्यांच्याच गावात मार खायचा. आता भिंतीवर फोटो लागणार याचा!"

आखिम लाजून हसला आणि हसता हसता अर्ध्यातच थांबला.

त्रूदाने वाढलं. आखिमने मांसाचे बारीक तुकडे केले, आणखी बारीक केले आणि एकेक कोबीखाली सारले. लहानपणी तो यकृत असंच लपवायचा. कित्येक वर्षं ती याच दुपारची वाट बघत होती. एक वाक्य बोललं की झालं. पण पोरगा भिंतीवरच्या फोटोचं ऐकत बसला होता.

ती उठली. तिघांची ताटं उचलून आत गेली. परत आली तेव्हा गोळे कुस्करलेले होते, मांस खिम्यासारखं चिरलेलं, वरून रस्सा.

"हे काय गं?" मामा ओरडला. "दात आहेत मला!"

"गोळे बिघडले आज. गप खा."

त्रूदाचे गोळे बिघडले, हे त्या गल्लीत कुणी शपथेवर सांगितलं असतं तरी पटलं नसतं. मामाने बहिणीकडे पाहिलं, भाच्याच्या गालाकडे पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदा न बोलता जेवला.

भांडी पुसताना आखिम म्हणाला, "आई, गोळे बिघडले नव्हते."

"मी तुला काही म्हटलंय का?"

तो फडकं पिळत राहिला. मग खोलीतून हातमोजे घेऊन आला. "हे कुठे ठेवू?"

त्रूदाने लगेच हात पुढे केला नाही. "कातोवित्से?"

"ते दुसऱ्या कुणाला तरी बोलावतील. बुधवारी फोन केला की येणारे पुष्कळ आहेत."

"मग मामाकडे दे. त्याच्या कबुतरांच्या माद्यांना अंडी घालायला मऊ जागा लागते."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी जबड्यात तडा असल्याचं सांगितलं. मेमध्ये एक करडी मादी डाव्या हातमोज्यावर अंडी उबवत बसली. मामाने हात पुढे केला की ती पंखाने सणसणीत फटका देई.

"बघ, हिलाही ठोसे मारायची सवय लागली," मामा म्हणे.

आखिम तोंडभर हसे. आता त्याला दुखत नसे.