आठ नंबरचं पोटॅशियम

ठाण्यात कोलशेतच्या अंगाला तपासणीची औषधं बनवणारी एक छोटी कंपनी होती. तिच्या मागच्या आवारात बारा मेंढ्या बांधलेल्या असत. पुढच्या दाराने येणाऱ्या पाहुण्यांना त्या दिसत नसत, पण वास काही लपत नसे. कोणी नाक मुरडून विचारलंच, तर रिसेप्शनवरची मुलगी मान वर न करता सांगायची, "आमचा मागचा स्टाफ आहे."

या मागच्या स्टाफची खबर ठेवणारी माणसं दोनच. एक दामाजी कोळी. खाडीत रसायनाचं पाणी उतरायला लागलं, जाळ्यात मासळीऐवजी फेस येऊ लागला, तेव्हा होडी काठावर पालथी घालून तो इथे मेंढ्या राखायला लागला. घर भावांनी वाटून घेतलं. वाटणीत याच्या वाट्याला आला तो बोळ, म्हणून आवारातल्या पत्र्याच्या खोलीतच त्याचा संसार, म्हणजे एक स्टोव्ह आणि एक घोंगडी. कोळ्याने मेंढ्या राखाव्यात याची त्याला स्वतःलाच गंमत वाटायची. म्हणायचा, "बाय, ह्यांना पान्यात सोडली तर मी जास्त बरा सांबालीन."

ही बाय म्हणजे सरस्वती शेजवळ. वय त्रेचाळीस, लॅब असिस्टंट. छप्पनच्या धम्मदीक्षेच्या आधी जन्मली म्हणून सरस्वती. मागून आलेल्या भावाचं नाव मग राहुल पडलं. त्याला हिनेच शिकवला, लग्न लावून दिलं आणि तो नाशिकला गेला. चौदा एप्रिलला त्याचं पत्र यायचं, त्यात दोन ओळी हिच्या तब्येतीच्या. ती दिवा स्टेशनजवळ भाड्याच्या खोलीत एकटी राहायची. नळाला एक दिवस पाणी, दोन दिवस नुसती शिट्टी. घरी अर्ध्या बादलीत आंघोळ उरकणारी ही बाई लॅबमध्ये मात्र काचेची एकेक नळी डिस्टिल्ड वॉटरने सहासहा वेळा विसळायची. त्या पाण्यात हात बुडवताना तिला कधीकधी चोरी केल्यासारखं वाटे.

मेंढ्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी कंपनीला संधिवाताच्या तपासणीसाठी लागायच्या. ते रोजचं काम. पण कंपनीचे डॉक्टर कर्णिक, नौपाड्यातले, जुन्या वळणाचे आणि मनाने अजून कॉलेजातच असलेले, त्यांनी त्याच रक्तावर स्वतःचा एक अभ्यास चालवला होता. सरस्वती पहिल्यांदा कामावर आली तेव्हा त्यांनी तिला समोर बसवून सांगितलं होतं की माणसाच्या तांबड्या पेशीत पोटॅशियम भरपूर असतं, कुत्र्या-मांजराच्या पेशीत थोडं. मेंढीचं मात्र विचित्र. एकाच कळपात दोन जाती. काही मेंढ्यांच्या पेशीत पोटॅशियम खच्चून भरलेलं, बाकीच्यांच्यात जेमतेम. जन्मताना सगळी कोकरं सारखी, पोटॅशियमने भरलेली. दोनेक महिन्यांत ज्याचं त्याचं ठरतं.

"आणि एकदा ठरलं की?" तिने विचारलं होतं.

"एकदा ठरलं की मरेपर्यंत बदल नाही. माणसांपेक्षा बरं आहे की नाही?"

तेव्हापासून चार वर्षं दर महिन्याला ती मानेच्या शिरेतून रक्त काढायची, पेशी खाली बसवायची, मॅग्नेशियमच्या पाण्याने तीनदा धुवायची. साधं मिठाचं पाणी वापरलं की सोडियमचा आकडा बिघडतो. पेशी फोडून ते लाल पाणी ज्योतीच्या यंत्रात सोडायचं. ज्योत जळायची, काटा हलायचा, ती आकडा लिहायची. दिवसभर त्या खोलीत दुसरं माणूस नसे. यंत्राच्या फुसफुशीला कान इतके सरावले होते की ते बंद झालं की तिला कोणीतरी बोलता बोलता उठून गेल्यासारखं वाटायचं.

बोलणं काय ते दामाजीशी. दुपारी डबा घेऊन ती आवारात उतरायची. तो तिला सुकटीची चटणी द्यायचा, ती त्याला भाकरी. मग गावातल्या भांडणांपासून नऊ नंबरच्या लाथेपर्यंत सगळ्या बातम्या. कुठली मेंढी आणायची ते ती चिठ्ठीवर लिहून द्यायची. सुरुवातीला एकदा तिने इंग्रजी आठ लिहिला आणि दामाजी चार नंबर घेऊन आला. डॉक्टर चिडले, तर दामाजी शांतपणे म्हणाला, "सायेब, तुमचा आठ आमच्या चारासारखा दिसतो, त्यात माजा काय गुना?" तेव्हापासून लॅबच्या दारावर पाटी लागली: चिठ्ठीवर आकडे मराठीतच लिहावेत. मेंढ्यांच्या गळ्यातले पितळी बिल्लेही मराठी आकड्यांचेच.

ऐंशी साली सुरू झालेली ही नोकरी दामाजीला फार सांभाळून करावी लागत होती. फाटक उघडं राहिलं म्हणून एक मेमो, चारा भिजला म्हणून दुसरा. तिसरा आला की खोली सोडायची, असं मॅनेजरने त्याला बजावलेलं.

एकोणनव्वदच्या जानेवारीत अभ्यासाची शेवटची मोजणी होती. शुक्रवारी डॉक्टर लेख पाठवणार होते, आणि लेखावर त्यांच्या नावाखाली तिचं नाव येणार होतं. त्यांनी कच्च्या प्रतीवर टाइप करून दाखवलं होतं: स. रा. शेजवळ. ते वाचून ती तीन दिवस कोणालाच काही बोलली नाही. सांगायला कोणी नव्हतं हे एक, आणि सांगितलं तर उडून जाईल ही भीती दुसरी. छापून आलं की एक प्रत नाशिकला पाठवायची, एवढं तिने मनाशी ठरवलेलं.

बुधवारी आठ नंबरचं रक्त यंत्रात गेलं आणि काटा पंधरावर थांबला.

आठ नंबर भरलेल्या जातीची. चार वर्षं चौऱ्याऐंशी, ब्याऐंशी, शहाऐंशी. सरस्वतीने बर्नर पुसला, नळी बदलली, उरलेल्या रक्तातून पुन्हा पेशी धुतल्या. पंधरा. तिसऱ्यांदा साडेचौदा. दोन नंबरचं परत लावून पाहिलं, ते बरोबर येत होतं. म्हणजे यंत्र शुद्धीवर होतं.

ती खाली उतरली. आठ नंबर गोठ्याच्या कोपऱ्यात उभी होती. तेच काळं तोंड, गळ्यात तोच बिल्ला. सकाळी घाईघाईत रक्त काढलं तेव्हा तिने उजवी बाजू धरली होती. आता तिने लोकरीत हात घालून मानेची डावी बाजू चाचपली. चार वर्षं सुई टोचून तिथे हरभऱ्याएवढी गाठ झाली होती; डोळे मिटूनही बोट तिच्यावर जायचं. आता सगळी मान मऊ.

"दामाजी, ही आठ नंबर नाही."

दामाजी पाण्याची बादली भरत होता. त्याने नळ बंद केला नाही.

"बिल्ला बगा की. आट हाय."

"बिल्ला आठ आहे. मेंढी कुठली आहे?"

बादली भरून वाहायला लागली. मग त्याने सांगितलं ते असं. पुतणीचं लग्न झालं डिसेंबरात. हळदीच्या रात्री भात उरला. सगळ्यांच्या घरी वाटा गेला, याला विचारलं, तुझ्या घरी किती माणसं? हा म्हणाला, बारा. घमेलंभर भात घेऊन आला. लग्नाचं जेवण सगळ्यांनाच मिळावं, त्यांनी काय पाप केलंय? आठ नंबर अधाशी. दुसऱ्या कोणाला तोंड घालू दिलं नाही, सगळं घमेलं तिनेच चाटलं. माशाला भाताचं काही होत नाही, मेंढीचं पोट फुगतं, हे या कोळ्याला कुठून कळावं? दुसऱ्या दिवशी ती आडवी झाली ती उठलीच नाही. त्याने तिला कुंपणालगत पुरलं. धनगर त्या दिवसांत घाटावरून उतरून खडवलीच्या खाचरांत बसलेले होते. तिथे जाऊन त्याने तोंडाला तोंड जुळवून दुसरी आणली. बदल्यात काय दिलं ते सांगितलं नाही. पण त्याच्या कमरेचा चांदीचा करगोटा तिला दिसला नाही.

"रगतात पन कलतं?" त्याने विचारलं. "मना वाटलं, रगत ते रगत."

"ह्याचंच तर चार वर्षं मोजतेय मी."

"मग दर वेलचा आकडा लिवा की, बाय. कोन बगतंय?"

"मी बघते."

तो बादली उचलून निघून गेला. तिने डबा आणला होता, तो तसाच परत वर नेला.

दोन दिवस ती एकाच गोष्टीभोवती फिरत राहिली. चौऱ्याऐंशी लिहिलं तर तक्ता खोटा. खरं सांगितलं तर दामाजी रस्त्यावर. आणि दामाजी गेला की आवारातली दुपारही गेली, हा हिशेब आपण मध्येच धरतोय हे लक्षात आलं तेव्हा तिला स्वतःचाच राग आला. दिव्याच्या खोलीत भिंतीशी बोलून पाहिलं. भिंतीने काही मत दिलं नाही.

शुक्रवारी तक्ता डॉक्टरांसमोर ठेवला. आठ नंबरच्या रांगेत शेवटचा आकडा पंधरा.

डॉक्टरांनी चष्मा वर सरकवला. "हे काय?"

"तीनदा पाहिलं सर. पंधराच."

ते तक्त्यावरून बोट फिरवत चार नंबरच्या रांगेवर आले आणि एकदम हसले. "चार नंबरचं किती येतं? पंधरा-सोळाच ना? अहो, सोपं आहे. तुमच्या त्या दामाजीने परत आठाच्या जागी चार आणली. चिठ्ठी मराठीत लिहिली होती ना?"

चिठ्ठी तिच्या एप्रनच्या खिशात होती. तिच्यावर तिच्या अक्षरात ठसठशीत मराठी आठ होता. हो म्हटलं की चूक वाचणाऱ्याची. तिसरा मेमो.

"नाही सर," ती म्हणाली. "घाईत इंग्रजी आठ लिहिला गेला."

डॉक्टरांचं हसू जागच्या जागी राहिलं, पण त्यातला माणूस निघून गेला.

"आणि नळी भरताना बिल्ला?"

"पाहिला नाही."

"असं किती वेळा झालं असेल?"

"एवढंच. एकदाच, सर."

"हे एकदाच झालं, हे तुम्हाला कसं कळलं? आकडा ओरडला म्हणून. जे ओरडले नाहीत त्यांचं काय?" त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर तिला बरं वाटलं असतं. "सरस्वतीबाई, तुमच्या हातावर माझा डोळे मिटून विश्वास होता. चूक माझी. डोळे मिटायला नको होते."

लेख आजच जायचा होता, परत रक्त काढायला वेळ नव्हता. त्यांनी पट्टी घेतली आणि आठ नंबरची रांग खोडली. मग चार नंबरची, आता तिचाही भरवसा नव्हता. दहा मेंढ्यांवर लेख जाईल, म्हणाले. मग पहिलं पान ओढून घेतलं. पेन जरा थांबलं. त्यांनी तिच्या नावावर रेघ मारली ती अगदी सरळ, सभ्य. शेवटी आभारात "लॅबमधील सहकाऱ्यांचे" असे शब्द घालू, असं त्यांनी सांगितलं. सोमवारपासून यंत्रावर दुसऱ्या विभागातला सुधीर बसेल, तुम्ही काचसामान पाहा. तिने मान हलवली. तक्त्यात आता एकही खोटा आकडा नव्हता. हे तिला कळत होतं, आणि या खोलीत ते फक्त तिलाच कळत होतं.

दुपारी ती खाली उतरली. दामाजी कपडे बांधून बसला होता. घोंगडी, स्टोव्ह, सगळं एका गाठोड्यात.

"सोड ते," ती म्हणाली. "काही होत नाही तुला."

"काय सांगितलंत?"

"चिठ्ठी चुकली म्हणून सांगितलं."

"तुमी? तुमी कदी चुकलात?" मग त्याला उमगत गेलं, हळूहळू, चेहऱ्यावरून दिसत गेलं. "मग तुमाला काय केलान त्यांनी?"

"लेखावर माझं नाव येणार होतं. ते काढलं."

दामाजीने गाठोड्याची गाठ सोडली. "कागदावरचं ना? मग तुमचं नाव तुमच्याजवलच हाय की, बाय."

 नाव कशासाठी हवं होतं, नाशिकच्या पत्त्यावर काय पाठवायचं होतं, हे त्याला सांगायचं होतं. ते सांगायला लागणारे शब्द तिने कधी कोणाशी वापरलेच नव्हते. तिने डबा उघडला. दामाजीने भाकरी घेतली, पण सुकटीची बरणी काढली नाही. नजर खाली. दोघं गप्प बसून जेवली. उपकार फार मोठा झाला की माणूस समोर बसून गप्पा मारू शकत नाही, हे तिला त्या जेवणात कळलं. दामाजी राहिला, तरी आवारातली दुपार गेलीच होती. फक्त तारीख पुढची पडली होती.

जेवण झाल्यावर तिने एप्रनच्या खिशातून एक लहान वही काढली. काचसामानाची नोंद ठेवायला सकाळीच स्टोअरमधून मिळालेली, कोरी. पहिल्या पानावर तिने रांग आखली. नवी मेंढी, काळं तोंड. पोटॅशियम पंधरा.

"धनगर हिला काय हाक मारायचा?"

"नाय इचारलं."

तिने ती जागा मोकळी सोडली. दामाजी मान वाकडी करून वहीत बघत होता. त्याला आकडे तेवढे वाचता यायचे.

"बाय," तो पहिल्यांदाच तिच्याकडे बघत म्हणाला, "त्या आदीच्या आटाचं पन लिवा. मेली म्हनून. तिचं कुटंच लिवलं नाय कोनी."

"तारीख सांग."

तो आठवत राहिला. बोटं मोजली, परत मोजली, कुंपणाकडे पाहिलं.

"तारीक नाय ठावं," तो म्हणाला. "हलदीचा दुसरा दिस."

तारखेच्या रकान्यात तिने तेवढंच लिहिलं.