आयनू आता उरले नाहीत म्हणे

अमेरिकेतल्या आमच्या मराठी मंडळात रिटायर्ड डॉक्टर काकांचं मोठं प्रस्थ. जपानच्या होक्काइदो बेटावरच्या ट्रिपचे फोटो ते बॉथेलच्या हॉलमध्ये दाखवणार होते, म्हणून मी ऑफिसातल्या मैत्रिणीला हौसेनं घेऊन गेले. ती त्याच बेटावरची, आयनू. जपानी लोक तिथे वसण्याच्या कितीतरी आधीपासून तिचे लोक तिथले. रेडमंडच्या बसमध्ये तिनं मला सांगितलं होतं, की मासे खाणारं तिथलं भलंमोठं घुबड म्हणजे गावाचा राखणदार देव. तिची आजी नदीवर मासे साफ करायची, तेव्हा घुबडाचा आणि कोल्ह्याचा वाटा काठावर ठेवूनच घरी यायची.

काकांच्या फोटोत हॉटेलवाल्यानं तेच घुबड यावं म्हणून डबक्यात जिवंत मासे सोडले होते, वर दिवे लावले होते. देव उतरला की कॅमेरे सुरू. मी तेव्हाच धुमसत होते.

मग लाकडी घरांचा फोटो आला. "हे तिथले मूळ लोक," काका म्हणाले. "आता उरले नाहीत."

मी तिच्या कानाशी सगळं इंग्रजीत सांगत होते, तेही सांगितलं. तिनं हात वर केला आणि मी आयनू आहे, म्हणाली. काकांनी तिची समजूत घातली. प्युअर असं आता कुणी नाही, गाइडनंच सांगितलंय.

"मग आम्ही कधी मेलो, ते नाही विचारलंत?"

लोक हसले. त्यांना तो विनोद वाटला! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कुणी मराठीला हिंदीची बोली म्हटलं की हेच काका टेबलावर मूठ आपटतात. मी उभी राहिले आणि म्हटलं, काका, तिची माफी मागा. तेवढ्यात वडे गार होताहेत असं कुणीतरी पुकारलं आणि सगळे उठले.

गाडीत ती एवढंच म्हणाली, की तिच्या आईच्या शाळेत मास्तर हेच शिकवायचे. आई पहिल्या बाकावर बसलेली असायची.

दुसऱ्या दिवशी मंडळातून फोन आला. मोठ्या माणसाला चारचौघांत असं बोलतात का? काका फार हर्ट झालेत, येऊन सॉरी म्हणून टाक. तिच्याबद्दल चकार शब्द नाही.

"येते ना," मी म्हटलं, "आणि तिलाही आणते. काकांनी तिच्या डोळ्यांत बघून तेच वाक्य पुन्हा म्हणावं. जमलं, तर मागते माफी."